दुधातला संशय

स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियेच्या अंगाने लिहिला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे; कारण शल्यवैद्याची कामगिरी सर्वांच्या डोळ्यांना दिसते, तिचे यशापयश तत्काळ मोजता येते, आणि रुग्णाच्या कृतज्ञतेचा पहिला अधिकारीही तोच असतो. परंतु या रोगाचे जे उग्र प्रकार आहेत, गाठ समूळ काढल्यावरही दोन-तीन वर्षांच्या आत यकृतात, फुप्फुसांत किंवा मेंदूत जे पुन्हा डोके वर काढतात, त्यांच्यापुढे सुरी हतबल ठरली. आणि त्यांचा माग लागला तो काचपट्टीवरील पेशी निरखीत बसणाऱ्या आणि पिंजऱ्यांतील उंदरांच्या वंशावळी लिहिणाऱ्या माणसांना. हा माग सरळ नव्हता. त्याची एक वाट कित्येक वर्षे आईच्या दुधाविषयीच्या एका संशयातून गेली, तो संशय मनुष्याच्या बाबतीत सिद्ध झाला नाही, आणि तरीही त्या वाटेने गेलेल्यांना जे हाती लागले त्यावाचून आजची उपचारपद्धती संभवली नसती. या वाटेवरचा एक महत्त्वाचा मुक्काम मुंबईत, परळला होता.

गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या वस्तीचा दिवस उगवे आणि मावळे त्या परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, महायुद्धाची धामधूम चालू असताना, मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्ते टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने विलायतेत निवर्तल्या होत्या, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्त निधीतून ही वास्तू उभी राहिली. धर्मादाय रुग्णालये मुंबईस नवी नव्हती. नवी होती ती ही तजवीज, की रुग्णाच्या खाटेपासून चार पावलांवर संशोधनाची प्रयोगशाळा असावी, आणि तिचे काम केवळ शल्यवैद्याच्या हुकुमाबरहुकूम दाखले देण्याचे नसून स्वतःचे प्रश्न स्वतः उपस्थित करण्याचे असावे. या प्रयोगशाळेची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. लंडन विद्यापीठात विकृतिविज्ञानाचे शिक्षण घेऊन आलेले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केलेले खानोलकर हे अशा स्वभावाचे विद्वान होते की ज्यांना सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीइतकेच त्या पेशीच्या धनिणीचे घर, आहार, पेहराव आणि कुलाचार यांविषयी कुतूहल असे.

त्यांनी रुग्णालयाच्या दप्तराकडे पाहिले ते याच दृष्टीने. कमरेला धोतराचा काच बसून तेथल्या कातडीस होणारा कर्करोग, तंबाखूची चिमूट ओठाखाली धरणाऱ्यांच्या ओठाला होणारा कर्करोग, अशी या देशातील राहणीशी जखडलेली उदाहरणे त्यांनी जगापुढे मांडली. आणि स्त्रियांच्या नोंदी जातवार व धर्मवार लावून पाहता त्यांना असे आढळले की हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग विशेष, तर पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा. एकाच शहरात, एकाच हवेपाण्यात राहणाऱ्या स्त्रियांमध्ये हा भेद कशामुळे पडावा? उशिराचे लग्न, थोडी अपत्ये, अल्पकाळ स्तनपान, आहार अशी अनेक कारणे संभवत होती. आणि पारशी समाज लहान व आपापसांत विवाह करणारा असल्यामुळे रक्तातून उतरणारे काही असावे अशीही शंका घेण्यास जागा होती. पुढे १९६३ साली डॉ. दाराब जुसावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोगाची लोकसंख्याधिष्ठित नोंदवही सुरू झाली, तेव्हा खानोलकरांच्या या निरीक्षणास भक्कम आकड्यांचा आधार मिळाला. परंतु आकडे भेद दाखवितात, कारण सांगत नाहीत. कारणाच्या शोधासाठी उंदरांकडे वळणे भाग होते.

उंदरांकडे वळण्याचे हेही एक निमित्त होते की अमेरिकेतील मेन प्रांतात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली होती. तेथे पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करून उंदरांचे शुद्ध वंश तयार केलेले होते. काही वंशांतील बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई, तर काहींत तो क्वचित दिसे. दोन वंशांचा संकर केला असता संततीचे भवितव्य बापावर नव्हे तर आईवर अवलंबून राहते, असे दिसून आले. गुणसूत्रे तर दोघांकडून सारखीच येतात. मग आईकडून अधिक काय येते? जॉन बिटनर यांनी रोगप्रवण वंशाची पिल्ले जन्मताच उचलून निरोगी वंशाच्या दाईच्या अंगाला लावली, आणि त्या पिल्लांमधील कर्करोगाचे प्रमाण पुष्कळ घटल्याचे १९३६ साली प्रसिद्ध केले. रोगाचे बीज दुधातून जात होते. या बीजाला प्रथम ‘दुग्धघटक’ असे मोघम नाव मिळाले. तो एक विषाणू आहे हे कालांतराने स्पष्ट झाले.

या विषयाला परळमध्ये ज्यांनी आपली कारकीर्द वाहिली त्या कमल रणदिवे. पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते, आणि मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मुलीचा ओढा मात्र वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या पेशींकडे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात पदव्युत्तर अभ्यास करून, विवाहानंतर मुंबईस आल्यावर, त्या खानोलकरांच्या हाताखाली दाखल झाल्या आणि १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. खानोलकरांच्या समवेत त्यांनी कर्करोगास कमी-अधिक प्रमाणात बळी पडणाऱ्या उंदरांच्या चार वंशांतील निरोगी स्तनग्रंथींची तुलना केली. रोग होण्यापूर्वीच त्या अवयवाच्या घडणीत काही फरक असतो काय, हा त्यामागील प्रश्न. आणि तो विचारणे म्हणजेच रोग प्रकट होण्याआधी त्याची चाहूल घेण्याचा यत्न करणे होते.

पुढे शिष्यवृत्ती घेऊन त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर काचपात्रात अखंड वाढविण्यात जगात प्रथम यश आले ते याच गायांना. ती विद्या आत्मसात करून रणदिवे परतल्या आणि १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. वातानुकूलनाची चैन विरळा, परदेशी रसायनांसाठी परवान्यांची आणि मंजुऱ्यांची प्रदीर्घ वाट पाहणे नित्याचे, अशा त्या दिवसांत पेशी जिवंत ठेवणे हेच एक व्रत होते. या केंद्रात उंदरांचा एक स्वतंत्र वंशही सिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या या वंशाला संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ हेच नाव पडले. परदेशातून आणलेल्या उंदरांवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही, आणि संप्रेरके, वंश व विषाणू या तिघांचा परस्परसंबंध येथल्या येथे पडताळता येऊ लागला.

उंदरांच्या बाबतीत दुधाची भूमिका निर्विवाद ठरल्यावर मनुष्याविषयी शंका उत्पन्न होणे अपरिहार्य होते. पारशी समाजात रोगाचे प्रमाण अधिक, समाज लहान, विवाह आपापसांत. जॅक्सन प्रयोगशाळेतील शुद्ध वंशाशी त्याचे साम्य शास्त्रज्ञांच्या मनात न येते तरच नवल. अमेरिकेतील डॅन मूर आणि त्यांचे सहकारी, परळचे शल्यवैद्य डॉ. जे. सी. पेमास्टर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ डॉ. सत्यवती सिरसाट यांनी मिळून पारशी मातांचे दूध तपासले. उंदरांच्या विषाणूशी सदृश असे कण त्यांत सामान्य अमेरिकन स्त्रियांपेक्षा अधिक प्रमाणात आढळल्याचे १९७१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास अशा प्रकारच्या विषाणूंत आरएनएपासून डीएनए घडविणारे विकर सापडलेले असल्याने या वार्तेने मोठी खळबळ उडाली. ज्या मातेच्या घराण्यात हा रोग आहे तिने मुलीला अंगावर पाजावे की नाही, असा दारुण प्रश्न वैद्यांना पडू लागला.

संशय टिकला नाही. अंगावर प्यालेल्या मुलींमध्ये हा रोग अधिक आढळतो असे कोठल्याही पाहणीत दिसले नाही. दुधातील कणांचा आणि कर्करोगाचा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. उलट स्तनपान करविणाऱ्या मातेला या रोगापासून अल्प का होईना संरक्षणच मिळते, हे पुढील अभ्यासांतून निष्पन्न झाले. तेव्हा परळच्या आणि बार हार्बरच्या त्या परिश्रमांची गणना विफल उद्योगांत करावी काय? इतिहास तसे म्हणू देत नाही. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोत बिशप आणि व्हार्मस यांनी दाखवून दिले की कोंबड्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या विषाणूचे घातक जनुक मुळात त्याचे नव्हेच. ते निरोगी पेशीतून त्याने उचललेले आहे. १९८२ साली व्हार्मस आणि रोएल नुसे यांनी उंदरांच्या त्याच दुग्ध-विषाणूचा माग काढला, तेव्हा तो गुणसूत्रात नेमका ज्या जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि त्याला बेबंद करतो ते जनुक त्यांना सापडले. गर्भाच्या घडणीतही त्याचा मोठा वाटा असल्याचे पुढे कळले. विषाणूची वाट अशा रीतीने आपल्याच पेशीच्या अंतर्गृहात येऊन पोहोचली.

आता या कथेत एक उपाख्यान येते, आणि माझ्या मते या इतिहासाचा सारा बोध त्यात साठलेला आहे. १९८२ सालच्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीचरण पाढी नावाचे भारतीय संशोधक उंदरांच्या चेतापेशींतील अर्बुदांवर काम करीत होते. तेथे जे कर्करोगकारक जनुक हाती आले त्याला ‘न्यू’ हे नाव मिळाले, आणि त्याचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर, बाहेरून आलेल्या प्रतिपिंडाच्या सहज आवाक्यात, असल्याचे दिसून आले. औषधाला याहून उघडे लक्ष्य मिळणे दुर्मीळ; पण त्या प्रयोगशाळेत रुग्ण नव्हते, रुग्णांचे दप्तर नव्हते, आणि मानवाच्या कोणत्या रोगात हे प्रथिन अपराधी आहे हे विचारणारा कोणी नव्हता. शोध प्रसिद्ध झाला आणि कपाटात राहिला.

त्याला बाहेर काढले ते दोन व्यक्तींच्या भेटीने. कॅलिफोर्नियातील जेनेंटेक कंपनीत अॅक्सेल उलरिख या जर्मन शास्त्रज्ञाने मानवातील तेच जनुक वेगळे केले होते. त्याचे नाव हर-२. त्यांच्यापाशी जनुक होते, रोग नव्हता. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात डेनिस स्लॅमन यांच्यापाशी निरनिराळ्या अर्बुदांचे नमुने गोठवून ठेवलेले होते. आणि टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे विल्यम मॅग्वायर यांनी स्तनाच्या गाठींचे असे नमुने जतन केले होते की ज्यांच्या सोबत प्रत्येक रुग्णेचे पुढे काय झाले याचा तपशील लिहिलेला होता. या नमुन्यांतून १८९ गाठी तपासल्यावर १९८७ साली सिद्ध झाले की सुमारे तीस टक्के गाठींत हर-२ जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. एखाद्या दस्तऐवजाच्या दोन प्रती पुरेशा असताना वीस-वीस नकला फिरू लागाव्यात आणि प्रत्येक नक्कल खरी मानून अंमलबजावणी व्हावी, तशी त्या पेशीची गत होते. वाढीची आज्ञा थांबतच नाही. ज्या स्त्रियांच्या काखेतील ग्रंथींत रोग पोहोचलेला होता त्यांच्यापैकी ज्यांच्या गाठीत या प्रती अधिक, त्यांचा रोग लवकर उलटला आणि आयुष्य लवकर सरले. आजच्या मोजमापाने अशा गाठींचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के मानतात. पण उग्र कर्करोगाला प्रथमच एक निश्चित, मोजता येण्याजोगी ओळख मिळाली.

ओळख मिळाली तशी औषधाची वाट मोकळी झाली. हर-२ प्रथिनाला चिकटणारा प्रतिपिंड प्रथम उंदरात तयार केला गेला. मनुष्याच्या शरीराने तो परका म्हणून झिडकारू नये यासाठी त्याचा बहुतांश साचा मानवी करून घेण्यात आला. ट्रास्टुझुमॅब हे त्या औषधाचे नाव. रोग पसरलेल्या ४६९ स्त्रियांवरील चाचणीत केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान २०.३ महिने, तर औषध जोडलेल्यांचे २५.१ महिने भरले. हृदयावर होणारा दुष्परिणामही याच चाचणीत लक्षात आला. २५ सप्टेंबर १९९८ रोजी अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने त्यास मंजुरी दिली, आणि त्याच दिवशी हर-२ ओळखणाऱ्या रंजन-चाचणीलाही दिली. या एका तारखेचे महत्त्व मोठे आहे. कारण रोग ओळखण्याची रीत आणि त्यावरील औषध या दोहोंना एकाच वेळी सनद मिळाली. चाचणीवाचून औषध निरर्थक, कारण ज्या गाठीत हर-२ वाढलेले नाही तिच्यावर ते चालत नाही. पुढे २००५ साली, शस्त्रक्रियेनंतर लगेच हे औषध दिल्यास रोग उलटण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो असे आढळले, आणि सर्वांत भयंकर समजला जाणारा हा प्रकार आटोक्यात येण्याजोगा ठरला. उंदरांचा तो जुना दुग्ध-विषाणूही येथे कामास आला: स्तनाच्या पेशीत जनुके चालू करणारी त्याची कळ ‘न्यू’ जनुकाला जोडून १९८८ साली असे उंदीर निर्माण करण्यात आले की ज्यांना हाच रोग व्हावा, आणि नवी औषधे त्यांच्यावर पारखता यावीत.

उरला तो ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार. ग्लासगोच्या बीटसन यांनी अंडाशये काढून स्तनाची गाठ विरघळविल्याचे १८९६ साली प्रसिद्ध केले होते, शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन पकडणारे प्रथिन, म्हणजे त्याचा ग्राही, शोधले होते, आणि त्या प्रथिनावर टॅमॉक्सिफेनची मात्रा लागू पडत होती. परंतु ज्या गाठीत इस्ट्रोजेनचा ग्राही नाही, प्रोजेस्टेरॉनचा नाही, आणि हर-२ही वाढलेले नाही, तिथे या सर्व साधनांना धरण्यास जागाच नसते. तरुण स्त्रियांना हा प्रकार तुलनेने अधिक होतो. येथेही दप्तरच उपयोगी पडले. मेरी-क्लेअर किंग यांनी २३ घराण्यांतील १४६ रुग्णांच्या वंशावळी तपासून १९९० साली दाखविले की आनुवंशिक स्तनकर्करोगाचे एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली ते हाती आले, तेच बीआरसीए-१. ते बिघडलेले असता होणाऱ्या गाठी बहुधा ट्रिपल निगेटिव्ह असतात. हे जनुक तुटलेला डीएनए सांधण्याचे काम करते. तेव्हा सांधण्याचा दुसरा मार्गही अडविला तर कर्करोगाची पेशी आपल्याच भाराने मरेल, हा तर्क इंग्लंडमधील दोन गटांनी २००५ साली प्रयोगाने खरा करून दाखविला, आणि २०१८ साली असा मार्ग अडविणारे ओलापरिब हे औषध स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झाले.

या सर्व प्रगतीचा भार आपल्याकडे किती जणींना पेलतो, हा प्रश्न परळने स्वतःला विचारला ही त्या संस्थेची खरी थोरवी. रुग्णालय आणि संशोधन संस्था १९६६ साली टाटा मेमोरियल सेंटर म्हणून एकत्र आल्या होत्या. संशोधनाचा मोठा भाग २००२ सालापासून नवी मुंबईत खारघरला नांदू लागला. पण प्रश्न खाटेपासून उचलण्याची वहिवाट सुटली नाही. ज्या १९९८ साली अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला मंजुरी मिळाली त्याच साली मुंबईत डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५१,५३८ स्त्रियांची एक चाचणी आरंभिली. यंत्र नाही, क्षकिरण नाही. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी तपासायचे, एवढेच. दीर्घ पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग आधीच्या अवस्थेत सापडला; सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरली नाही, पण पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत मृत्युप्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. ट्रास्टुझुमॅबचे समरूप औषध २०१४ साली बंगळूरच्या बायोकॉनने बाजारात आणल्यावर त्याची किंमत उतरू लागली. आणि २०२२ साली सॅन अँटोनिओ येथील परिषदेत परळच्या वैद्यांनी सांगितले की शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपचारात कार्बोप्लॅटिन या जुन्या व स्वस्त औषधाची भर घातल्यास ट्रिपल निगेटिव्ह कर्करोग झालेल्या पन्नास किंवा त्याखालील वयाच्या स्त्रियांचे आयुष्य वाढते. ज्या नगरीतील नमुन्यांनी हर-२चे गूढ उकलले त्याच नगरीत ही वार्ता वाचली गेली.

या इतिहासाचा निवाडा माझ्या बुद्धीप्रमाणे असा आहे. चुकीचा संशय शास्त्राची हानी करीत नाही, तो प्रामाणिकपणे तपासला गेला म्हणजे झाले. शास्त्राची हानी होते ती प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या एकमेकींपासून तुटल्या म्हणजे. ‘न्यू’ जनुक कपाटात पडून राहिले ते बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर शेजारी रुग्णांचे दप्तर नव्हते म्हणून. आणि ते जागे झाले ते कोणी तरी गाठी जपून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या नोंदी लिहिल्या होत्या म्हणून. तेव्हा वाचकांना एवढेच सांगणे आहे की आपल्या घरातील कोणा स्त्रीच्या स्तनात गाठ लागल्यास ती संकोचापोटी लपवू नये. गाठीचा तुकडा तपासला गेल्यावर दोन्ही संप्रेरकांच्या ग्राहींचा आणि हर-२चा, असा तिन्हींचा निकाल दाखल्यावर लिहून मागावा. आणि तो दाखला जपून ठेवावा, कारण तिचा पुढचा उपचार त्यावरच ठरणार आहे.